सूचना: शनिवारची ग्लेस्नर हाऊस भेट

शिकागोतील सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी आपण प्रेअरी अव्हेन्यूवरचं ग्लेस्नर हाऊस बघायला जाणार आहोत. दुपारी १२.३० वाजता अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जमू.

अमेरिकन वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी आखलेलं हे घर १८८७ मध्ये पूर्ण झालं. ते बघायला रिचर्डसन राहिले नव्हते, १८८६ मध्येच त्यांचं निधन झालं. बाहेरून नुसता ग्रॅनाइटचा किल्ला वाटतो, आणि समोर राहणाऱ्या, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या उद्योगपती जॉर्ज पुलमन यांना तो अजिबात रुचला नव्हता. पण आत जरूर नीट बघा. उत्तरेच्या थंड बाजूला लहान खिडक्या आणि नोकरांची ये-जा करायची बोळ, तर राहत्या खोल्या दक्षिणेच्या अंगणाकडे, उन्हाकडे वळलेल्या. आपल्या वाड्यातल्या चौकासारखंच. दर्शनी थाटापेक्षा आतल्या राहणीवरून घर आखायचं, हा पुढच्या काळातला विचार इथे आधीच दिसतो. मला तरी शिकागोत याहून मोलाचं घर दुसरं वाटत नाही.

१९६६ मध्ये ते पाडलं जाण्यापासून वाचवण्यासाठी वास्तुप्रेमींनी संस्था उभारली, म्हणून आज आपल्याला आत जाता येतं.

नावं गुरुवारपर्यंत कळवा. आत जिने आहेत. ज्येष्ठांना अडचण असेल तर आधी सांगा.