शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'मुलं वाचत नाहीत' या विषयावरचा लेख वाचला. मोबाईल, रील्स, क्लासेस, इंग्लिश मिडियम सगळ्यांची नावं त्यात आली आणि ती खोटी नाहीत, पण आख्ख्या पानात ग्रंथपाल हा शब्द एकदाही आला नाही, ते मला फार लागलं. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा आता नववीत आहे. सहावीपर्यंत आठवड्याला दोन पुस्तकं संपवायचा, मग एकदम बंदच. आम्ही आधी जिथे राहायचो तिथल्या वाचनालयात पुस्तकं जाळीच्या आत, यादीत नंबर शोधून चिठ्ठी द्यायची की आतून पुस्तक येणार अशी पद्धत होती. एकदा यानं चिठ्ठीवर एका भयकथासंग्रहाचा नंबर लिहिला तर काउंटरवरचे गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, हे तुझ्या वयाचं नाही, दोन-तीन वर्षांत दहावी येईल, अभ्यासाचं बघ. चिठ्ठी परत सरकवली. बारा वर्षांचा होता तो. मागे रांगेत त्याच्याच वर्गातली दोन मुलं उभी होती. मी तेव्हा काहीच बोलले नाही, त्या गृहस्थांचं बरोबरच आहे असंही क्षणभर वाटलं मला, आणि त्याचं आज खूप वाईट वाटतं. त्यानंतर वर्षभर वाचनालयाचं नाव काढलं की हा उठून आतल्या खोलीत जायचा.

मागच्या जूनमध्ये घर बदललं आणि जवळच एक मुक्तद्वार वाचनालय निघालं, म्हणजे कपाटांमधून स्वतः फिरून पुस्तक घ्यायचं. कसंबसं त्याला घेऊन गेले. देवघेवीच्या काउंटरवर एक मॅडम होत्या. मी लगेच सुरू केलं, याला काहीतरी चांगलं सुचवा हो, क्रिकेट खूप आवडतं, मराठी पण जरा सुधारायचंय, हल्ली काही वाचतच नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा तिकडे मासिकं बघता का, मी त्याच्याशी बोलते." मी मासिकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, पण कान इकडेच.

"शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस?"

हा प्रश्न त्याला कधीच कुणी विचारला नव्हता. म्हणजे आम्ही सगळे विचारायचो, शेवटचं कुठलं वाचलंस, आणि तो गप्प. आता मात्र सांगितलं, एका क्रिकेटपटूचं आत्मचरित्र, मामानं वाढदिवसाला दिलेलं. कुठपर्यंत आला होतास? त्याच्या शाळेपर्यंत. मॅच बघतोस ना पण? हो. पूर्ण? नाही, शेवटच्या पाच ओव्हर. का रे? "तेव्हा काहीच सांगता येत नाही ना काय होईल ते."

मॅडम हसल्या, उठल्या आणि आत जाऊन तीन पुस्तकं घेऊन आल्या. एक डिटेक्टिव्ह कथांचं, एक समुद्रात जहाज बुडून वाचलेल्या खलाशांची खरी हकीकत, एक विज्ञानकथांचं. म्हणाल्या, "तो मोठा खेळाडू होणार हे तुला पहिल्या पानाआधीच माहीत होतं, मग कशाला वाचशील? पंधरा-वीस पानं बघ, नाही जमलं तर आणून टाक, मला अजिबात वाईट वाटणार नाही." नियमानं एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं, म्हणून दुसरं माझ्या कार्डावर दिलं आणि तिसरं त्यांनी आठवडाभर बाजूला काढून ठेवलं. खलाशांचं दुसऱ्याच दिवशी परत गेलं, आवडलं नाही. डिटेक्टिव्ह कथा चार दिवसांत संपल्या. इंग्लिश मिडियमचं पोर, मराठी वाचायला वेळ लागतो त्याला, पण पानं उलटायचं थांबला नाही.

आता मी दर शनिवारी जाते आणि त्या काय करतात ते बघत बसते. क्रिकेट आवडणाऱ्याला क्रिकेटचं पुस्तक, हे तर कुणीही देईल, ऑनलाइन साइटसुद्धा देते. त्या विषयापेक्षा माणूस कशात गुंततो ते शोधतात. परवा एक आजोबा आले, म्हणाले ऐतिहासिक कादंबरी द्या, तर त्यांनी विचारलं, आधीच्या कादंबरीत तुम्हाला काय आवडलं, लढाया की दरबारातलं राजकारण? आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, राजकारण. मग त्यांना एका जुन्या सनदी अधिकाऱ्याच्या आठवणींचं पुस्तक दिलं, ते खूष. पुस्तकाच्या मागची तारीख-चिठ्ठीही त्या बघतात. कुठलं पुस्तक दोन वर्षं हललं नाही ते त्यावरून कळतं आणि मग ते उचलून काउंटरवरच्या 'परत आलेल्या' गठ्ठ्यात मुद्दाम ठेवतात. लोकांना तो गठ्ठा फार आवडतो, कुणीतरी वाचून आणून दिलंय म्हणजे चांगलंच असणार असं वाटतं. मुलं तर कपाटाकडे न जाता आधी तिथेच हात घालतात.

अजून एक सांगायलाच हवं. पाळी, शरीरातले बदल, मन खचणं, असल्या विषयांवरची पुस्तकं त्यांनी बंद कपाटातून काढून खिडकीशेजारच्या रॅकवर ठेवलीत, काउंटरवरून दिसत नाही अशा जागी. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, या वयातली मुलं मागायला येणार नाहीत, त्यांना न विचारता सापडलं पाहिजे, बऱ्याच मुली घरी नेतही नाहीत, तिथेच उभ्यानं वाचून जातात. आणि एकदा मी सहज विचारलं, आमच्यानं या वेळी काय नेलं हो? तर "त्यालाच विचारा ना" एवढंच. रजिस्टर समोर उघडं होतं, तरी नाव सांगितलं नाही. मला तेव्हा जरा राग आला होता. घरी आल्यावर मुलाला विचारलं तर त्यानं अर्धा तास त्या पुस्तकाबद्दल सांगितलं. मॅडमनी मला सांगून टाकलं असतं तर हा अर्धा तास मिळाला नसता.

हे काही त्या एकट्यांनी शोधून काढलेलं नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले दोन, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. मग हे होताना दिसत का नाही?

कारण वेळ कुठे आहे! आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत, अ ब क ड असे वर्ग आहेत, पण तिथल्या कर्मचाऱ्यांना सरकारी वेतनश्रेणी नाही, जे अनुदान येतं त्यातूनच पगार भागवायचा, आणि ही तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. आमच्या मॅडम एकट्याच देवघेव करतात, नवीन पुस्तकांची दाखल नोंद करतात, फाटलेली बाइंडिंगला पाठवतात, वर्गणीच्या पावत्या फाडतात, दिवाळी अंकांच्या योजनेचा हिशेब ठेवतात आणि अनुदानाचे कागदही त्याच भरतात. एवढ्यातून स्वतः पुस्तकं वाचायची कधी? त्या रात्री घरी नेऊन वाचतात. जो स्वतः वाचत नाही तो सुचवणार काय, कपाटाकडे बोट दाखवेल फार तर.

आणि जागेचं तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी बालविभाग म्हणजे बुटकी टेबलं आणि परीकथा, आणि मग एकदम मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांनी कुठे उभं राहायचं? बुटक्या टेबलाशी बसायची त्यांना लाज वाटते आणि मोठ्यांच्या कपाटाशी गेलं की कुणीतरी हटकतं. माझा मुलगा नेमका याच फटीत पडला होता. एक रॅक, फक्त एक रॅक या वयासाठी वेगळा ठेवला आणि त्याच्याजवळ कुणी हटकणार नाही एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ फरक पडेल, याला मोठं अनुदान लागत नाही. शाळांनीही 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढण्यापेक्षा प्रत्येक वर्ग तासभर जवळच्या वाचनालयात न्यावा, आणि शिक्षकांनी त्या तासात ग्रंथपालांना मुलांशी बोलू द्यावं.

तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. 12 ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, राष्ट्रीय ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी पुरवणीचं अर्धं पान लहान-मोठ्या गावांतल्या ग्रंथपालांना द्या. त्यांनी एवढंच लिहावं, कोण आलं, काय म्हणालं, आपण कुठलं पुस्तक दिलं आणि ते परत आलं तेव्हा काय झालं. आमच्या मॅडमना विचारलंय मी, त्या लिहायला तयार आहेत.

आपली,
एक वाचक आणि आई, पुणे