वाळूतला डोंगर चार बोटे सरकला होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी 31 वर्षे भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस जातो, कारण समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, शिकवायचा माझा हव्यास सुटलेला नाही. बटाटा अर्धा कापून पाण्यात ठेवायचा, पाणी बोटबोट वाढवायचे आणि प्रत्येक वेळी काठावर पेनाने रेघ मारायची, अशी माझी पद्धत. तरीही दहावीतली निम्मी मुले भारतीय सर्वेक्षणाचा 1:50,000 चा नकाशा पुढे ठेवला की गोंधळतात. वीस-वीस मीटरवरच्या त्या तपकिरी रेघांत त्यांना डोंगर दिसत नाही.

म्हणून शाळेला देणगीतून वाळूची पेटी मिळाली तेव्हा मला अतोनात आनंद झाला. मीटरभर लांबीची लाकडी पेटी, आत धुतलेली वाळू, वर लोखंडी चौकटीला किनेक्ट नावाचा अंतर मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर. मुलाने वाळूचा ढीग केला की कॅमेरा वाळूपर्यंतचे अंतर मोजतो, संगणक उंची काढतो आणि प्रोजेक्टर त्याच वाळूवर रंग आणि समोच्चरेषा टाकतो. सखल भाग निळा, मग हिरवा, वर तपकिरी. पंजा पसरून वाळूवर धरला की खाली पाऊस पडतो आणि पाणी उतारावरून वाहू लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ऑलिव्हर क्रायलोस यांनी हे सॉफ्टवेअर तयार करून सर्वांना फुकट दिले आहे.

बसवायला आलेल्या माणसाने अर्ध्या दिवसात काम उरकले. रंग दिसले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, पोच पावतीवर सही झाली. पंधरा दिवसांनी आठवीतली एक मुलगी, जिचे वडील होडीवर जातात, मला म्हणाली, “सर, डोंगराचं टोक हितं हाय, मग तपकिरी गोल तिकडं का पडलाय?” मी वाकून पाहिले. वाळूचे शिखर एकीकडे आणि सर्वांत आतली समोच्चरेषा चार बोटे बाजूला, उतारावर. पावसाचे पाणी तर दरीऐवजी डोंगराच्या अंगावर थांबलेले. इतके दिवस आम्ही मुलांना चुकीचा नकाशा दाखवत होतो आणि ते त्या मुलीखेरीज कोणाच्याही लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. वाळू सपाट केली की सगळे जागच्या जागी. ढीग जितका उंच, तितका रंग जास्त सरकलेला. याचे कारण सोपे आहे. कॅमेरा पेटीच्या मधोमध वर आहे आणि प्रोजेक्टर कडेला, तिरका प्रकाश टाकणारा. रात्री अंगणात एक जण बॅटरी धरतो आणि दुसरा बाजूला उभा राहून पाहतो, तसे हे दोघे. प्रोजेक्टरचा किरण तिरका येतो, म्हणून 15 सेंटिमीटर उंचीच्या टेकडीवर तो जिथे आपटतो आणि टेकडी नसती तर पेटीच्या तळाशी जिथे पोचला असता, त्या दोन जागा वेगळ्या. संगणकाला हा तिरकेपणा नेमका सांगावा लागतो. कॅमेऱ्याला अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर दिसलेला बिंदू प्रोजेक्टरच्या चित्रातल्या कोणत्या ठिपक्याने उजळतो, हा हिशेब म्हणजे कॅलिब्रेशन. आपण त्याला जुळवणी म्हणू. आमच्याकडे ती केलीच नव्हती, किंवा फक्त सपाट वाळूवर केली होती. दोन्हींचे फळ एकच.

गणपतीला गावी आलेला माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाचे काम करतो. त्याला घेऊन बसलो. साधन काय, तर जुनी सीडी. तिच्यावर पांढरा कागद चिकटवला, मध्यबिंदूवर पेन्सिलीने फुली काढली आणि मागे बांबूची काठी बांधली. प्रोजेक्टर वाळूवर एक आडवी आणि एक उभी रेघ टाकतो. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे सीडीची फुली आणायची, कॅमेरा त्या चकतीची जागा आणि उंची टिपतो, मग रेघा पुढच्या जागी सरकतात. असे बारा बिंदू.

पहिल्या खेपेस आम्ही बाराही बिंदू वाळूला सीडी टेकवूनच घेतले आणि फसलो. त्यामागचे गणित त्याने मला फळ्यावर मांडून दाखवले. जुळवणीसाठी संगणकाला जे आकड्यांचे कोष्टक शोधायचे असते त्यात 12 आकडे असतात, त्यातला एक फक्त प्रमाणाचा, म्हणजे अज्ञात 11. प्रत्येक बिंदू दोन समीकरणे देतो, म्हणून सहा बिंदू पुरावेत. पण सगळे बिंदू एकाच पातळीत असतील तर बारा काय, शंभर घेऊनही उत्तर एकच असे येत नाही, कारण उंचीविषयी आपण संगणकाला काही सांगितलेलेच नसते. दुसऱ्या खेपेस काही बिंदू वाळूजवळ, काही वीतभर वर, काही त्याहून वर घेतले. चकती धरणारा हात स्थिर हवा. पंखा चालू असताना चौकट बारीक हलते हेही तेव्हाच कळले, म्हणून पंखा बंद केला. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन वाळूवर पडत होते. किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने मोजतो आणि उन्हात तो प्रकाश भरपूर असतो, म्हणून जाड पडदा लावला. प्रोजेक्टर आधी अर्धा तास चालू ठेवून तापू दिला. बसवणाऱ्याने रिमोटने चित्राचे कोपरे ओढून चौकोन सरळ केला होता, ती कीस्टोनची सोय बंद केली. जुळवणीनंतर कोणी ते बटण दाबले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. रिमोट आता मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो.

तपासणीला करवंटी घेतली. उपडी ठेवली, तर रेघा तिच्याभोवती एकात एक बसल्या आणि टोकावरचा गोल टोकावरच पडला. मग मुलांनी पूर्वेला सह्याद्रीची भिंत घातली, मधे चिपळूणचा खोलगट भाग, पुढे वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी. भिंतीवर पाऊस पाडला. पाणी उतरले, खोलगट भागात साचले, खाडीची वाट अरुंद केल्यावर आणखी वर चढले. 22 जुलै 2021 च्या पुरात ज्याच्या आजोळच्या माळ्यापर्यंत पाणी आले होते, तो मुलगा बराच वेळ पेटीपासून हलला नाही. त्याने स्वतः खाडीचे तोंड रुंद करून पाहिले. खरा पूर भरती, डोंगरातला पाऊस आणि नदीतला गाळ अशा पुष्कळ गोष्टींवर ठरतो, हे मी त्यांना सांगितलेच. पण पाणी सखल जागा शोधते, हे त्यांना पेटीत दिसायलाच हवे, आणि जुळवणी चुकली तर नेमके तेच दिसत नाही.

नाशिकमध्ये जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली पांढऱ्या ताजमहालाच्या छोट्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने संगमरवराचा पोत आणि उजेड-सावली चढवली होती. तिथेही प्रकाश कडांवर अचूक बसणे हेच काम होते. किल्ल्यांच्या आणि कातळशिल्पांच्या प्रतिकृतींवर असे प्रकाशचित्र दाखवायचे कोणी आपल्या जिल्ह्यात ठरवले, तर त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येईल.

माझी मागणी एवढीच. शाळांना अशी साधने देणाऱ्या संस्थांनी आणि जिल्हा परिषदेने जुळवणी हा खरेदीचाच भाग मानावा. पावतीवर सही करण्यापूर्वी उंच ढिगावर रेघा बसतात की नाही हे शिक्षकांसमोर दाखवावे. जुळवणीची छोटी फाईल पेनड्राइव्हवर शाळेकडे द्यावी, कारण संगणक फॉरमॅट केला की ती जाते. शाळेतल्या निदान दोघांना हे काम शिकवावे. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणाने लाकूड फुगते, खाऱ्या हवेने नट-बोल्ट गंजतात, साफसफाई करताना चौकटीला धक्का लागतो. जून ते ऑक्टोबर या काळात आम्हाला जुळवणी दोनदा करावी लागली.

गुहागर, चिपळूण आणि दापोली तालुक्यांतल्या ज्या शाळेत अशी पेटी पडून असेल, त्यांनी या वृत्तपत्रामार्फत मला कळवावे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मिळाले तरी पुरेत. खिडकीला जाड पडदा लावून ठेवावा आणि चकती धरायला आठवी-नववीतली दोन मुले थांबवून घ्यावीत. सीडी आणि काठी मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी