मागुरा टेकडीवर नेणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

गामझिग्रादच्या रोमन राजवाड्याच्या पश्चिम दरवाजाशी काठी टेकून उभी असलेली नऊवारीतली बाई तुम्हाला आठवत असेल. ती माझी आई. ठरवलेली टॅक्सी आलीच नव्हती, आईचा गुडघा ठणकत होता आणि जवळची मागुरा टेकडी न बघताच बेलग्रेडला परतायचं म्हणून मी हिरमुसले होते. तुमची ड्यूटी संपली होती. तुम्ही काही न विचारता आपल्या गाडीचं दार उघडलंत.

तोवर आईच्या लेखी ते सगळे पडके बुरूज होते. तिचं तरी काय चुकलं? ही रोमन लष्कराची छावणी असावी, असं जाणकारांनाही कितीतरी वर्षं वाटत होतं. १९५३ पासून इथे उत्खनन सुरू होतं, पण उलगडा झाला १९८४ मध्ये. प्राध्यापक द्रागोस्लाव स्रेयोविच यांना कमानीचा एक दगड सापडला, त्यावर दोनच शब्द कोरलेले: फेलिक्स रोमुलियाना. रोमन सम्राट गॅलेरियसने आपल्या मुलखात राजवाडा बांधला आणि त्याला आईचं, रोमुलाचं, नाव दिलं.

गाडीत तुम्ही सर्बियनमध्ये सांगत होतात आणि मी आईला मराठीत. टोळ्यांच्या धाडींना भिऊन रोमुला डॅन्यूब नदी ओलांडून अलीकडे आली; तिचा पोरगा गुरं राखायचा, पुढे सम्राट झाला. त्याने ख्रिश्चनांचा किती छळ मांडला आणि ३११ मध्ये, मरायला टेकल्यावर, तो थांबवायचा हुकूम कसा काढला, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. ते मला फार आवडलं. आपल्या गावच्या राजाबद्दल असं बोलायला मन मोठं लागतं.

टेकडीवर दोन समाध्यांचे अवशेष, शेजारी मातीचे दोन उंचवटे. एक जोडी लेकाची, एक आईची. तुम्ही आईचा हात धरून तिला रोमुलाच्या उंचवट्यापाशी नेलंत. आईने वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला टेकवला. तुम्ही टोपी काढलीत. नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. खाली राजवाड्याच्या बुरुजांवर ऊन उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याच सांगण्यावरून जवळच्या झायेचार शहरातलं संग्रहालय पाहिलं. जांभळट पॉर्फिरी दगडातलं गॅलेरियसचं मस्तक बघायला मी धावले. आई मात्र त्या कोरीव दगडापुढून हलेना. "यात तिचं नाव कुठून सुरू होतं, ते दाखव," म्हणाली. मी बोटाने दाखवलं. तिने एकेक अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि त्या घाईत आभारही नीट मानायचे राहिले. काका, मनापासून आभार. या पत्राचं सर्बियन भाषांतर ऑफिसातली मैत्रीण करून देते आहे. त्याखाली आईने स्वतःच्या हाताने सही केली आहे, देवनागरीत.

तुमची,
बेलग्रेडची मराठी लेक