लाल जिलेटिनच्या उजेडात बोलणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझ्या मुलीला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. त्यामुळे आकाशदर्शनाला गेलं की अंधारात कोण काय सांगतंय ते तिला कधीच कळायचं नाही. गेल्या डिसेंबरात साताऱ्यात आमच्या गच्चीवर तुम्ही टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधलात आणि तो स्वतःच्या तोंडावर धरलात. लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत आणि तिला ओठही दिसतात. समोर अजिंक्यतारा काळोखात बुडालेला, थंडी मी म्हणत होती, आणि तुम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत तिच्याशी बोलत होतात.

ययाती तारकासमूहातला अल्गोल म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी दोन ताऱ्यांची जोडी. त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो, हेच त्याचं ग्रहण, आणि म्हणून अल्गोल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो. शुक्रवारी रात्री पाऊण वाजता तो सर्वांत मंद, मग सोमवारी साडेनऊच्या सुमारास. तुम्ही सांगितलेली वेळ दोन्ही रात्री जुळली. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तिनं दर अर्ध्या तासाला त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), लिहिली: 2.1 पासून 3.4 पर्यंत.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर पुढचा धडा झाला. तारा जवळ येताना त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. त्यावरून वेग कळतो. जोडीतला हलका तारा जास्त वेगानं फिरतो. अल्गोलमध्ये हा फरक साधारण साडेचारपट आहे, म्हणून एक तारा सूर्याच्या तिपटीहून थोडा जड आणि दुसरा सूर्याच्या जेमतेम 0.7 पट. ग्रहण किती वेळ टिकलं त्यावरून ताऱ्यांचा आकार निघतो, आणि दोन ग्रहणांपैकी कुठलं जास्त खोल त्यावरून कुठला तारा जास्त तप्त ते. मंद तारा झाकला जातो ते ग्रहण मात्र नुसत्या डोळ्यांना कळतही नाही.

तेवढ्यात तिनं वहीत लिहून विचारलं, "कक्षा तिरकी असेल तर?" तुम्ही खुर्चीतून उठलात! स्वयंपाकघरातलं ताट आणून आधी तिरकं धरलंत, मग कड डोळ्यांसमोर येईल असं आडवं. कक्षा तिरकी असली तर वेगाचा थोडाच भाग आपल्या दिशेनं येतो आणि वस्तुमान कमी भासतं. ग्रहण दिसतं याचा अर्थ आपण ताटाच्या कडेकडूनच पाहतोय, म्हणून या जोड्यांचं वजन इतकं खात्रीनं सांगता येतं. तिच्या प्रश्नाला असं उठून उभं राहिलेलं मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं.

आणि जॉन गुडरिकची गोष्ट तुम्ही सोमवारचं निरीक्षण संपल्यावर सांगितलीत. 1783 मध्ये, अठराव्या वर्षी, इंग्लंडमधल्या यॉर्कमधून त्यानं अल्गोलचा हा काळ मोजला. एखादं काळं बिंब ताऱ्याला झाकत असावं, हेही त्यानंच सुचवलं. तो बहिरा होता. तुम्ही हे आधी सांगितलं नाहीत, तिला स्वतःचं मोजमाप पूर्ण करू दिलंत. त्यासाठी तुमचे सर्वांत जास्त आभार.

आता पावसाळा सरतो आहे, ययाती पुन्हा रात्री वर येईल. तिनं पुढच्या ग्रहणांच्या वेळा स्वतः काढून भिंतीवर लावल्या आहेत. टॉर्चचे सेल मी नवे आणून ठेवलेत.

तुमच्या विद्यार्थिनीची आई