भीतीचा आवाज स्वयंपाकघरातला

मा. संपादक, स. न. वि. वि.

पुण्यातील महाविद्यालयीन एकांकिकांमध्ये आणि हौशी लघुपटांमध्ये भयप्रसंग आला, की इंटरनेटवरून उतरवलेली तीच किंकाळी आणि तोच दाराचा करकराट ऐकू येतो, याचे वाईट वाटते. पडद्यावरील हालचालीनुसार स्टुडिओत ध्वनी निर्माण करण्याच्या ज्या कलेला हॉलिवूडचे ध्वनिकलाकार जॅक फोली यांचे नाव मिळाले, तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या लघुपटासाठी आम्ही सदाशिव पेठेतील घरातच हे प्रयोग केले. शेवग्याची कोवळी शेंग ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ पिरगाळली, की हाड मोडल्याचा भास होतो (त्या आठवड्यात आमटीत शेंगा दिसल्या नाहीत, ही सौ.ची तक्रार रास्तच आहे), पिकलेल्या पपईत हात खुपसला, की जो ओला, चिकट आवाज येतो, तो ऐकून मुलीच्या मैत्रिणीने कान झाकले. पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करणे रंगभूमीला जुनेच आहे. ध्वनिमुद्रणाचा वेग निम्मा केल्यास स्वर एक सप्तक खाली उतरतो आणि कढईवर घासलेल्या उलथन्यातून एखादे जनावर गुरगुरल्यासारखे वाटते. मात्र पंखा, फ्रिज बंद करून, शक्यतो रात्री मुद्रण करावे. आमच्या पहिल्या रात्रीच्या मुद्रणात भुतापेक्षा रिक्षाच अधिक होत्या. ज्या शहरात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे, तेथील स्पर्धांच्या आयोजकांनी स्वनिर्मित ध्वनीसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे