जत्रेतले कॉर्न डॉग आपल्या कढईत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, डिसेंबरात आम्ही आलो की छोटूचे कॉर्न डॉग, म्हणजे काडीला खोचून मक्याच्या पिठात बुडवून तळलेली सॉसेज, तूच तळणार म्हणालीस, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. फ्लेचर बंधूंनी इथल्या, अमेरिकेतल्या डॅलसच्या जत्रेत १९४२ साली ते विकायला सुरुवात केली. अजूनही सप्टेंबरअखेर जत्रा भरली की तिथे त्यासाठी रांगा लागतात. छोटूला त्यांची चटक लागली ती तिथेच.

पीठ मक्याचं, पण पुड्यातलं पांढरं कॉर्नफ्लॉर अजिबात नको. बाबा, पिवळा मका गिरणीतून जरा रवाळ दळून आणा. सगळा कुरकुरीतपणा त्या रवाळपणातच आहे. ते एक वाटी, मैदा एक वाटी, पाव वाटी साखर, दोन चमचे बेकिंग पावडर, मीठ आणि एक अंडं. मग आई, अंदाजाने ताक घालत भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट भिजव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. मका पाणी ओढून घेतो, मग लागलं तर आणखी ताक घाल.

चिकन सॉसेज आधी उकळून पूर्ण शिजवायची, गार करायची आणि अगदी कोरडी पुसायची. पुसायचं काम बाबांचं. ओलसर राहिली तर पीठ निसटतं आणि तेल अंगावर उडतं. काडी खुपसून ती कोरड्या मैद्यात घोळवायची. भिजवलेलं पीठ लस्सीच्या उंच ग्लासात ओतायचं, म्हणजे सॉसेज उभं बुडतं आणि सगळीकडून सारखं माखतं.

तेल साधारण १७५ अंश, म्हणजे पिठाचा थेंब टाकल्यावर लगेच वर यावा पण करपू नये. तेलात सोडताना काडी दोन-तीन सेकंद हातातच धरायची. बाहेरचं पीठ जरा आवळलं की मग सोडायचं, नाहीतर ते तळाला चिकटतं. तीन-चार मिनिटं फिरवत तळलं की छान सोनेरी होतं.

छोटूला देताना काडी काढून उभे, बारीक काप कर. गोल तुकडे लहान मुलांच्या घशात अडकतात. बाबा, सॉसेजमध्ये मीठ फार असतं, तेव्हा तुम्हाला एकच. आणि आई, तुझे गुडघे दुखतात, कढईपाशी मी उभी राहीन. तू खुर्चीवर बसून एकेक बुडवून माझ्या हातात दे.

सोबत लावायचं मस्टर्ड, म्हणजे मोहरीचा सॉस, इथून घेऊन येते. मका मात्र आम्ही आल्यावरच दळा, जुनं पीठ कडवट लागतं.

तुमची,
ताई