पीएम किसानच्या दोन हजाराची यादी चावडीवर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल 2020 मधे लॉकडाऊनात खात्यात दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा आमच्या घरात खरंच जीवात जीव आला होता. द्राक्षाला व्यापारी फिरकत नव्हता, निम्मा माल बेदाण्याला टाकला, बाकीचा झाडावरच गेला, आणि औषधवाल्याची उधारी तशीच. बँकेबाहेर चुन्याने गोल आखलेले, त्यात पायाला चटके बसत दोन तास उभा होतो आणि पैसे घेऊनच घरी आलो. त्यामुळे ही मदत फुकटची होती वगैरे मी कधीच म्हणणार नाही.

पण ते पैसे म्हणजे केंद्राच्या पीएम किसान योजनेत शेतकऱ्याला मिळणाऱ्या वर्षाच्या सहा हजारातलाच हप्ता होता. 26 मार्च 2020 ला केंद्राने 1.70 लाख कोटीचं पॅकेज जाहीर केलं त्यात 8.7 कोटी शेतकऱ्यांना दोन हजार देणार असं सांगितलं, पण वरचा एक रुपया त्यात नव्हता, फक्त एप्रिलच्या सुरवातीलाच दिला एवढंच. हे गावात कुणी नीट सांगितलं नाही, अजूनही कित्येकांना तो कोरोनाचा जादा हप्ता वाटतो.

आता मुद्द्याचं. माहिती अधिकारात केंद्राकडून जी माहिती बाहेर आली त्यात 20.48 लाख अपात्र लोकांना 1,364 कोटी गेल्याचं निघालं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त इन्कम टॅक्स भरणारे. मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. आमच्या गावातही आल्या. एका पेन्शनवाल्या काकांनी स्वतः जाऊन पैसे परत भरले, पावती मला दाखवली, त्यांना चूक झाली याचं फार वाईट वाटत होतं. बाकीच्यांनी भरले का नाही, किती भरले, कोणाला माहीत नाही, आणि मग पारावर नुसत्या कुजबुजी, ज्याने भरले तोही बदनाम आणि नाही भरले तोही.

दुसरीकडे आमच्या भावकीतली एक वहिनी. नवरा 2021 मधे गेला, वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव लागलं, वारसाला हप्ता मिळतो असं नियमातच आहे, तरी तिचा फॉर्म सेतूत दरवेळी पेंडिंग दाखवतो, का पेंडिंग ते स्क्रीनवर येत नाही आणि सांगणाराही कोणी नाही. खंडाने जमीन करणाऱ्याचा तर विषयच नाही, ज्याच्या नावावर जमीन त्यालाच पैसे.

पोर्टलवर गावाची यादी दिसते हे खरं. पण नाव आणि स्त्री का पुरुष एवढंच. कोणाचं नाव कमी केलं, कशामुळे केलं, वसुली किती झाली हे त्या यादीत नाही. आणि माझ्या आईसारख्या माणसाने राज्य जिल्हा तालुका गाव निवडत मोबाईलवर ती बघायची कशी? माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मधे अनुदानाचे लाभार्थी आणि रक्कम सरकारने आपणहून जाहीर करावी असं लिहिलंय, कोणी अर्ज करायची वाट बघायची नाही. आधार नंबर, खाते नंबर अजिबात नको, ते झाकलंच पाहिजे. नाव, मिळालेले हप्ते, बंद असेल तर कारण, परत भरले असतील तर तसा शेरा, एवढं कागदावर छापून चावडीवर लावायला काय अडचण आहे?

शिवाय 2023 पासून राज्याचा नमो शेतकरीचा हप्ताही याच यादीवरून मिळतो, म्हणजे वहिनीसारख्या बाईचं नुकसान आता वर्षाला सहा नाही, बारा हजाराचं आहे.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ही यादी मोठ्याने वाचावी म्हणून मी ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तुमच्या तालुका प्रतिनिधीला त्या दिवशी आमच्या गावी पाठवा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. बार्शी, जि. सोलापूर